डाग कुठला, टिंब कुठलं

भालेरावबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तेव्हाही त्यांनी माझी इंग्रजीतली चूक काढली होती. आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला माणूस होतो.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी सावंतवाडीहून येऊन चिंचवडच्या एका ऑफसेट छापखान्यात प्रूफरीडर म्हणून चिकटलो होतो. छापखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. चहूबाजूंनी कारखाने, आणि आमची कामंही त्यांचीच. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, यंत्रांची माहितीपुस्तकं, सुट्या भागांचे कॅटलॉग. दिवसभर 'शेक वेल बिफोर यूज' वाचून वाचून मी स्वतःच घुसळून निघालो होतो.

बाई आमच्या कॅमेरा खात्यात रीटचिंगला होत्या. ऑफसेटला छापायचं पान आधी मोठ्या कॅमेऱ्यावर फोटो काढून फिल्मवर घ्यावं लागे. फिल्म काळीकुट्ट, अक्षरं तेवढी आरपार. पण काचेवर धुळीचा कण असला तरी फिल्मला बारीक भोक पडायचं, आणि त्या भोकाचा छापताना काळा ठिपका व्हायचा. खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर फिल्म ठेवून अशी भोकं ब्रशनं रंग लावून बुजवायची, हे बाईंचं काम. त्या भोकांना त्या चांदण्या म्हणत. कॅमेरामन याकूबभाईंना सकाळी आल्या आल्या ऐकवत, "आज लई चांदण्या पाडल्या तुमी, याकूबभाई."

याकूबभाई म्हणायचे, "धूल कंपनीची, बाई. माझी नाय."

बाई मूळच्या चाकणकडच्या. नवरा एका कारखान्यात टर्नर, राहायला पिंपरीच्या संत तुकाराम नगरात. आमच्याकडे येण्याआधी त्या औषधांच्या कंपनीत होत्या. तिथं त्यांचं काम एकच. इंजेक्शनची भरलेली बाटली उजेडासमोर धरायची, उलटी करायची, आत कण दिसतो का बघायचं. दिवसाला किती बाटल्या, ते त्यांनाही आठवत नव्हतं. कण दिसला की बाटली बाजूला. "एकदा सुपरवायझर म्हनला, येवढं काय बगता, हलवल्यावर विरघळंल. मी म्हनलं, साहेब, दिसलं ते दिसलं. आता न दिसल्यासारखं कसं करू?" हे 'दिसलं ते दिसलं' त्या कशालाही म्हणत. भाजीत अळी असो, फिल्मवर चरा असो, नाहीतर माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण असो.

अंबाड्यात त्या तीन ब्रश खोचून यायच्या. ब्रश फिल्मला टेकला की श्वास रोखायच्या. काम झालं की 'हां' असा मोठा सुस्कारा. शेडमध्ये मशिनचा धडधडाट चालू असायचा, तरी तो 'हां' माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचा.

आणि चार-पाच वर्षांनी एक दिवस आमच्याकडे जुनी इंग्रजी पुस्तकं आली.

दिल्लीचा एक प्रकाशक तीन-तीनशे वर्षांपूर्वीची दुर्मिळ इंग्रजी पुस्तकं जशीच्या तशी पुन्हा छापणार होता. परदेशातल्या ग्रंथालयांकडून त्यांना मागणी होती. मूळ पुस्तकं पुण्यातल्या एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात होती. कुण्या इंग्रज साहेबानं मायदेशी परतताना आपला संग्रह तिथं देऊन टाकला होता. छापायचं काम आमच्या साहेबांनी मिळवलं. छापखान्याच्या मालकांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. त्या सकाळी ते शेडमध्ये इकडून तिकडे नुसते नाचत होते.

जीप आली. पत्र्याची ट्रंक उतरली. ट्रंकेला दोन कुलपं, आणि दोन्ही किल्ल्या गळ्यात घातलेले ग्रंथपाल आठल्ये मागोमाग उतरले. कोट, टोपी, हातात धुतलेल्या पंचाची घडी. त्यांनी आधी टेबल पुसलं, मग स्वतःचे हात पुसले, आणि ट्रंक उघडली. आत फडक्यांत गुंडाळलेली पुस्तकं होती. पहिलं पुस्तक माळीकामाचं. तपकिरी चामड्याची बांधणी, पानं जाड, कडांना भाजल्यासारखी. सगळं खातं काम सोडून भोवती जमलं होतं. मशिनवरचे लोकसुद्धा हात पुसत आले. "हात लावायचा नाही!" आठल्ये कडाडले. कुणी लावलाच नव्हता.

साहेब मला म्हणाले, "परब, या पुस्तकांना प्रूफ नाही बरं का. जसं आहे तसं जायचं. तुम्ही फक्त पानं मोजायची."

पण सवय जाते कुठं? पहिल्या पानाची फिल्म आली तशी मी वाचायला बसलो आणि हबकलो. चुकाच चुका! जिथं एस हवा तिथं एफ. बी पेरायचं तर 'सीड' ऐवजी 'फीड'. एका पानात तीसेक चुका मी कागदावर उतरवल्या आणि विजयी मुद्रेनं ओरडलो, "साहेब, हे पुस्तक छापण्याच्या लायकीचं नाही. या इंग्रजाला एस आणि एफ कळत नव्हता!"

बाई शेजारच्या टेबलावर त्याच फिल्मवर वाकल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परबभाऊ, ते येगळं अक्षर हाय."

"एफ आहे तो, बाई."

"एफ न्हाई. एफची आडवी काडी आरपार जाते. ह्याची डावीकडंच हाय, उजवीकडं न्हाईच. बगा की." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आनि हे अक्षर शबुदाच्या शेवटी कुठंच येत न्हाई. शेवटी आपला नेहमीचा वळणाचा एस. मी तीन पानं बगितली."

मी भिंगातून बघितलं. काडी खरंच डावीकडेच होती. आठल्ये उठून आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. "तो लांब एस आहे. त्या काळी तसाच लिहीत. बाईंना कोणी शिकवलं?"

"कुनी न्हाई," बाई म्हणाल्या. "दिसलं ते दिसलं."

माझा तीस चुकांचा कागद मी खिशात घातला. याकूबभाई पुढं महिनाभर मला, 'सर'मधल्या एसचा एफ करून, 'फर परब' म्हणून हाक मारत होते.

आठल्ये हसले खरे, पण बाईंचं आणि त्यांचं लगेच दुसऱ्याच दिवशी वाजलं. जुन्या कागदावर बुरशीचे, पाण्याचे, किड्यांचे हजार ठिपके. फिल्मवर ते सगळे अक्षरांसारखेच आरपार. मग डाग कुठला आणि टिंब कुठलं? डाग समजून टिंब बुजवलं तर वाक्य बिघडणार. टिंब समजून डाग ठेवला तर तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी नवं चिन्ह घातलं जाणार. बाई म्हणाल्या, मला प्रत्येक ठिकाणी मूळ पान बघायला पाहिजे. आठल्ये म्हणाले, फोटो झाला की पुस्तक ट्रंकेत जाईल.

"मग काम व्हायचं न्हाई."

"बाई, ही पुस्तकं हाताळायची असतात असं तुम्हाला वाटतं का?"

"मी कुठं हात लावते म्हनलं? तुमी धरा. तुमी पान उलटा. मी नुसती बगनार. माझ्या डोळ्यानं काय झिजत न्हाई तुमचं पुस्तक."

आठल्ये खुर्ची ओढून बाईंच्या टेबलाजवळ बसले, पंचानं हात पुसले आणि पुस्तक उघडून धरलं. पुढची तीन-चार वर्षं, पुस्तकं छापखान्यात असतील तेव्हा, ते तसेच बसले. बाई फिल्मवर बोट ठेवायच्या, आठल्ये पान दाखवायचे. "हे?" "टिंब." "हे?" "माशी बसलेली दिसते." "आनि हे?" मग दोघंही भिंग घेऊन वाकायचे आणि एकाच सुरात म्हणायचे, "डाग!" हे इतकं रंगात यायचं की मशिनवरची पोरं जेवणाच्या सुट्टीत ऐकायला यायची.

सुईणींसाठी लिहिलेलं एक पुस्तक होतं. त्यात पोटातल्या बाळाची चित्रं होती. कुरळ्या केसांचा गुबगुबीत मुलगा, घागरीत उभा राहून हात पसरलेला. साहेब, आठल्ये, मी, सगळे त्या चित्रांकडे भक्तिभावानं बघत होतो. केवढी दुर्मिळ चित्रं! बाईंनी एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबायला लागल्या.

"काय झालं?"

"हे काढनाऱ्यानं बाळंतपन बगितलेलं न्हाई."

"तीनशे वर्षांपूर्वी..." आठल्ये सुरू झाले.

"तीनशे वर्सांमागं काय पोरं घागरीत उभी ऱ्हायची?" बाई म्हणाल्या, आणि आठल्ये इतके हसले की त्यांना टोपी काढून ठेवावी लागली.

या सगळ्यात बाईंना इंग्रजी यायला लागलं. त्या मराठी सातवी झालेल्या. एबीसीडी औषधांच्या कंपनीत बाटल्यांवरून उचललेली. आता रोज आठ तास एकेक अक्षर बघायचं, आणि शेजारी विचारायला आठल्ये. "हा शबूद पुन्ना आला. म्हंजे काय?" असं करत करत वर्षभरात त्या ओळीच्या ओळी वाचायला लागल्या. घरी जाऊन वहीत लिहून काढायच्या. नवऱ्याची रात्रपाळी असली की तो सकाळी येऊन वही तपासायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तरी तो प्रत्येक पानाखाली लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचा, असं बाईंनी लाजत सांगितलं होतं.

पण ते इंग्रजी कुठलं? तीनशे वर्षांपूर्वीचं! हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, अगदी त्यांचा रजेचा अर्ज येईपर्यंत. त्यांना ताप होता. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी नवऱ्याबरोबर पाठवला, आणि पहिल्यांदाच इंग्रजीत. साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला, मला बोलावलं. अर्जाची सुरुवात 'टू द राइट ऑनरेबल' अशी. 'सिक'च्या शेवटी जादा ई, 'डे'च्या शेवटी जादा ई, 'फीव्हर'चं पहिलं अक्षर मोठं. 'पब्लिक'ला शेवटी के. छापखान्याच्या कामाची खोटी होऊ नये, या वाक्यात हा पब्लिक कसा आला ते मला अजून कळलेलं नाही. आणि शेवटी, 'आपली अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक सेविका' असं लांबलचक वळणदार वाक्य, एखाद्या सरदाराला पुस्तक अर्पण करावं तसं.

मी लाल पेन उघडलं. साहेबांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. "परब, खबरदार. याला प्रूफ नाही." रजा मंजूर झाली, आणि 'राइट ऑनरेबल' साहेब आठवडाभर जरा ताठ चालत होते.

मग आलं जहाजवाल्यांचं पुस्तक.

जहाज हाकणाऱ्यांसाठी लिहिलेलं, भरती-ओहोटी, तारे, दोरखंड, असं सगळं असलेलं. संस्थेच्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं. पानं पूर्ण असलेल्या प्रती जगात फार थोड्या, त्यातली ही एक, असं आठल्ये अभिमानानं सांगायचे. दिल्लीवाल्यानं जाहिरातही तशीच केली होती. संपूर्ण प्रत. फिल्मिंग भराभर चाललं होतं. बाईंना या पुस्तकात एक मित्र भेटला होता. मोठा एच, ज्याचा उजवा पाय तुटका होता. त्या काळी अक्षरांचे शिशाचे खिळे हातानं जुळवायचे. तोच खिळा पुन्हा पुन्हा वापरायचा, त्यामुळे तो पाच-दहा पानांनी परत दिसायचा. बाई त्याला 'लंगडा' म्हणत. "आला बगा लंगडा!" अशी हाक आली की आम्ही समजायचो, बाई खुशीत आहेत.

एका सकाळी हाक आली नाही. दोन तास बाई एकाच फिल्मवर वाकलेल्या. ब्रश अंबाड्यातच. मी गेलो.

"काय, लंगडा हरवला?"

"लंगडा न्हाई आला तरी चालंल," त्या हळू म्हणाल्या. "पर हितं कुनीच कुनासारखं न्हाई. परबभाऊ, हा ए बगा. आता हा ए बगा. आनि हा. खिळा असता तर येकसारखे दिसले असते न्हवं? सगळे ए येगळे. सगळे ई येगळे. ही ओळ जरा वर चढलीय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लखलखत होते. "हे छापलेलं न्हाई. हे हातानं लिवलंय."

"काहीतरीच काय, बाई!"

आठल्येही तेच म्हणाले, फक्त मोठ्यानं. सव्वीस वर्षं ते पुस्तक त्यांनी सांभाळलं होतं. साधंसुधं नव्हे, अगदी छापील वळणाचं अक्षर, तीच शाई, तेच समास. हातानं? बाईंनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "तुमी बोट लावा. मी लावत न्हाई. मागच्या पानावर पाठीमागनं बोट फिरवा. आता ह्या पानावर फिरवा."

आठल्यांनी हात पुसले. आधीच्या पानाच्या मागून बोट फिरवलं. खिळे दाबून छापलेलं पान, मागून बारीक उठाव लागत होता. मग त्यांनी ते पान उलटलं आणि बाईंनी दाखवलेल्या पानावर तसंच बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. डोळे मिटून तिसऱ्यांदा. शेडमध्ये मशिन चालू होतं, पण मला तरी त्या वेळी काही ऐकू येत नव्हतं.

"सपाट आहे," आठल्ये म्हणाले. खुर्चीत बसले. "सपाट आहे हो, परब. अगदी सपाट."

आणि मग हा एवढा जपून बोलणारा माणूस एकदम उठला, बाईंसमोर हात जोडले आणि म्हणाला, "बाई, सव्वीस वर्षं मी काय बघत होतो?"

मूळ पान कधीतरी फाटून गेलेलं असणार. मग कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्या प्रतीवरून बघून ते पान अक्षर न् अक्षर हातानं उतरवलं आणि इतक्या सफाईनं बसवलं की कुणाला शंका आली नाही. आम्ही त्या पानाभोवती दाटी केली. बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "कोन असंल तो? किती दिस लागलं असतील? म्हातारा असंल का जवान?"

साहेब आले तेव्हा आमचा आनंद त्यांना समजेना. त्यांना फक्त एवढंच कळलं की संपूर्ण म्हणून जाहीर झालेली प्रत संपूर्ण नाही. दिल्लीवाल्यानं हे पुस्तक परत पाठवलं तर पुढची सगळी पुस्तकं गेली. त्यांनी दार लावून आम्हाला बसवलं.

"हे कुणाच्या लक्षात येणार आहे? इतकी वर्षं नाही आलं."

आठल्ये खाली बघत होते. त्यांच्या संस्थेच्या यादीत ती प्रत संपूर्ण म्हणून छापलेली होती. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेला माणूस.

"बाई, तुम्ही तुमच्या ठिपक्यांचं बघा," साहेब म्हणाले. "पान छापायला जाऊ द्या."

बाईंनी अंबाड्यातले तिन्ही ब्रश काढून टेबलावर ठेवले. आवाज चढला नाही. "साहेब, तुमी मालक हाय. पान पाठवायचं का न्हाई ते तुमी ठरवा. पर त्या पानाला मी हात लावनार न्हाई. छापील म्हनून हातचं जानार, त्याच्यावर माझा ब्रश न्हाई. दिसलं ते दिसलं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. नोकरी जाते की काय असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात आठल्ये म्हणाले, "पत्र मी लिहितो. पुस्तक माझ्या ताब्यात आहे. आमच्या संस्थेलाही मीच सांगतो." आणि त्यांनी तिथंच, साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्याच कागदावर पत्र लिहिलं.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. काम थांबलं. त्या पुस्तकांसाठी राखून ठेवलेलं मशिन नुसतं उभं. ओव्हरटाइम बंद. मशिनवरचा एकजण बाईंना ऐकू जाईल असं बोलला, "काही लोकांना फार दिसतं राव." बाई लेबलांच्या फिल्मवर वाकलेल्याच राहिल्या. त्या दिवशी जेवायला त्या एकट्याच बसल्या होत्या. याकूबभाई आपला डबा उचलून त्यांच्या समोर जाऊन बसले. मग मीही गेलो. बाई म्हणाल्या, "माझ्यापायी सगळ्यांचं काम गेलं व्हय हो, परबभाऊ?" याकूबभाई म्हणाले, "बाई, खाओ. भाजी ठंडी होते."

मग दिल्लीचं पत्र आलं. साहेबांनी ते शेडच्या मधोमध उभं राहून, मशिन बंद करायला लावून वाचलं. प्रकाशक चिडला नव्हता, उलट वेडा झाला होता! असलं हातानं उतरवलेलं पान सापडणं हीच मोठी गोष्ट, असं त्यानं लिहिलं होतं. परदेशातल्या एका ग्रंथालयाकडून तो मूळ छापील पानाचे फोटो मागवत होता. दोन्ही पानं पुस्तकात शेजारी शेजारी छापायची, आणि पुस्तकं सगळी इथंच छापायची. शेडमध्ये जो गलका झाला तो शेजारच्या कारखान्यात ऐकू गेला असेल. 'फार दिसतं' म्हणणारा तोच माणूस पळत जाऊन चहा घेऊन आला, आणि पहिला कप त्यानं बाईंना दिला.

परदेशातला फोटो आला त्या दिवशी आठल्ये पुण्याहून पहिल्या बसनं आले. याकूबभाईंनी तो बरोबर मापात फिल्मवर घेतला. बाईंनी उजेडाच्या टेबलावर हाताच्या पानाची फिल्म ठेवली, तिच्यावर छापील पानाची. सरकवत सरकवत जुळवली. ओळीवर ओळ बसली. समासावर समास. आम्ही चौघं डोकं लावून बघत होतो. बाई बोट फिरवत खाली आल्या आणि थबकल्या.

"हे बगा. छापताना चूक झालीय. 'टाइड' दोनदा पडलाय."

खरंच, छापील पानावर भरतीचा तो शब्द लागोपाठ दोनदा होता. धडधडीत चूक. माझं बोट आपोआप हाताच्या पानाकडे गेलं. तिथंही तो शब्द दोनदाच होता.

बाईंनी टाळी वाजवली. मी त्यांना टाळी वाजवताना आधी कधी बघितलं नव्हतं. "सुधारलं न्हाई त्यानं! बगा, आठल्येसाहेब, त्याला कळलं असनार, तरी सुधारलं न्हाई! कसला मानूस!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसत त्या हसत होत्या.

त्या सगळ्या पुस्तकांत माझ्या वाट्याला प्रूफ म्हणून एकच पान आलं. जहाजवाल्या पुस्तकाच्या सुरुवातीचं प्रकाशकाचं टिपण. ते दिल्लीहून जुळवून, छापायला तयार असं आलं होतं. त्यात हस्तलिखित पानाची हकीकत होती, आणि शेवटी आभार. 'हे प्रथम छापखान्यातले मिस्टर भालेराव यांच्या ध्यानात आले.' मिस्टर!

मी ते मोठ्यानं वाचलं. याकूबभाई खो खो हसले. बाईही हसल्या. "ऱ्हाऊ दे की. घरी मालक खुश हुतील."

पण साहेब हसले नाहीत. त्यांनी फिल्म मागवली, बघितली. नवीन जुळणी मागवायची तर आठ-दहा दिवस, आणि पानं मशिनवर चढायच्या बेतात. ते बाईंच्या टेबलाशी गेले. ब्रश टेबलावर ठेवल्याच्या दिवसापासून ते त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. आता ते म्हणाले, "बाई, तुम्ही सुधारा. मिस्टरचं मिसेस करा."

"मी?"

"तुम्हीच. दिल्लीला मी कळवतो."

बाईंनी आधी 'मिस्टर'च्या एम-आरनंतरचं टिंब रंगानं बुजवलं. मग सुई घेतली. काळ्या फिल्मवर सुईनं खरवडलं की तेवढी रेघ आरपार होते आणि छापताना उमटते. त्यांनी श्वास रोखला. आम्हीही रोखला. तांदळाच्या दाण्याहून लहान एस, वरचं वळण, खालचं वळण, दोन्ही टोकांचे बारीक काटे. मग नवं टिंब. "हां," बाई म्हणाल्या. मी भिंग लावून बघितलं. शेजारच्या अक्षरांत तो एस असा बसला होता की मला, प्रूफरीडरला, शोधावा लागला. मी पानाच्या कोपऱ्यात 'बरोबर' लिहून सही केली. आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कुठल्याच पानावर सही केलेली नाही.

ऐंशीच्या सुमारास ती कामं संपली. छापखाना पुन्हा लेबलांवर आला. मी भोसरीकडे दुसऱ्या नोकरीत गेलो. बाईंचं असं समजलं की आठल्यांनी निवृत्त होता होता संस्थेच्या समितीपुढं हट्ट धरला आणि पुस्तकं दुरुस्त करायच्या कामावर त्यांना नेमून घेतलं. रोज सकाळी त्या पिंपरीहून बसनं पुण्याला जातात.

एकदा कामासाठी पुण्यात गेलो होतो, तेव्हा त्यांना शोधत गेलो. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला, उत्तरेच्या खिडकीची एक खोली. दुपारची वेळ. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. केस बरेच पिकलेले. समोर एक मोठा पांढरा ट्रे, त्यात पाणी, आणि पाण्यात चक्क पुस्तकाचं पान बुडालेलं. जुनं, तपकिरी, लांब एसवालं पान!

"बाई!" मी घाबरून ओरडलोच.

त्यांनी वळून बघितलं नाही, पण ओळखलं. "या परबभाऊ. भिऊ नका. हा कागद चिंध्यांचा केलेला असतोय. आताच्या कागदावानी विरघळत न्हाई. शाईबी जात न्हाई. नुसता मळ जातो."

मी जवळ गेलो. पाणी चहासारखं पिवळं झालं होतं, आणि त्याखाली पान हळूहळू उजळत होतं. बाईंनी दोन्ही हात पाण्यात घातले. पानाखाली सरकवलेली पातळ जाळी धरून त्यांनी ते उचललं. पाणी निथळत होतं. खिडकीतला उजेड पानातून आरपार आला आणि दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळून दिसायला लागली. बाई ते डोळ्यांसमोर धरून, ओठ हलवत, वाचत होत्या. मी आलोय हे त्या विसरल्या होत्या.

मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो. उंबऱ्यापाशी आवाज आला, "परबभाऊ, दार तेवढं ओढून घ्या. वारं लागलं तर पान हलतंय."

मी दार हळूच ओढून घेतलं.